सहारचा फकीर

मुंबईचा सहार विमानतळ आखातातल्या कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेचा ‘बदला’ हा भाग (२१ जानेवारी २००१) तेथूनच सुरू होतो. दीप रॉय यांनी रंगविलेला पाय नसलेला फकीर पाहून कोणाला किळस आली, तर कोणाला ते भारताचे विडंबन वाटले. दोन्ही मते आम्हांस पटतात. पण खरी उणीव निराळीच. अमेरिकी कंपनीच्या कारखान्यातील वायुगळतीत फकिराचा मुलगा दगावला, हे सूडाचे कारण ओझरतेच येते. स्कली आणि डॉगेट माग काढतात तो फकिराचा. १९८४ चे भोपाळ न विसरलेल्या आम्हां प्रेक्षकांना तपास हवा होता त्या कारखान्याचा!