प्रकाशाची लिपी

कोकणातील शेतकरी मृग नक्षत्राची वाट पाहतो, ती पावसासाठी. जूनच्या आरंभी सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि सह्याद्रीवर ढग दाटू लागतात. परंतु त्या दिवसांत मृगाचे तारे कोणासही दिसत नाहीत. कारण ते सूर्याबरोबरच उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. ते पाहावयाचे असतील, तर मार्गशीर्षापर्यंत थांबले पाहिजे. त्या सुमारास रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत भाताची कापणी आटोपलेली असते, आकाश निवळलेले असते, आणि पूर्वेकडील भीमाशंकराच्या रांगेवरून मृगाचे तारे एकामागून एक वर येतात. त्यांतील काक्षी तांबूस दिसतो, तर राजन्य निळसर पांढरा. एकाच नक्षत्रातील दोन ताऱ्यांच्या रंगांत असा भेद का असावा? ते कशाचे बनले असतील?

या प्रश्नाचे उत्तर मनुष्यास कधीच मिळणार नाही, असे एके काळी मोठमोठ्या विद्वानांस वाटत असे. ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली तसे स्पष्ट लिहून ठेविले. ताऱ्यांची अंतरे आणि गती मोजता येतील, पण त्यांची द्रव्ये ओळखता येणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. जेथे हात पोहोचत नाही, तेथील वस्तूची परीक्षा करावी तरी कशी?

खरे पाहता, त्या परीक्षेचे साधन तेव्हाही मनुष्याच्या हाती होते. १८१४ साली योसेफ फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने सूर्यप्रकाश एका अरुंद फटीतून लोलकावर पाडला व तो दुर्बिणीतून न्याहाळला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलेल्या त्या रंगीत पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, त्याला शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्याने त्यांच्या जागा काळजीपूर्वक नोंदविल्या. परंतु त्यांचा अर्थ त्याच्या हयातीत कोणासही कळला नाही.

तो अर्थ उलगडण्याची खूण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे पाणी उतू गेले, की ज्योत क्षणभर पिवळी होते. मिठातील सोडियमचा तो रंग होय. ही पिवळी ज्योत लोलकातून पाहिली, तर वर्णपटात ठरावीक जागी दोन तेजस्वी पिवळ्या रेषा एकमेकींस लागून दिसतात. १८५९ साली किर्कहॉफ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा आहेत. तापलेला वायू ज्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो, त्याच रंगाचा प्रकाश तो आपल्यामागून येणाऱ्या अधिक प्रखर प्रकाशातून शोषून घेतो. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे! कोंतच्या विधानास अजून पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

ही वार्ता कानी येताच लंडन येथील विल्यम हगिन्स यांनी आपल्या घराजवळील वेधशाळेत तोच प्रयोग ताऱ्यांवर करण्याचे योजिले. हगिन्स हे कापडाचा वडिलार्जित व्यापार विकून ज्योतिषाच्या मागे लागलेले हौशी निरीक्षक होते. शेजारी राहणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक मिलर यांचे त्यांस साहाय्य लाभले. सोडियम, लोह, कॅल्शियम ही पृथ्वीवरील द्रव्येच ताऱ्यांतही आहेत, असे त्यांस आढळले. १८६४ साली हगिन्स यांनी एका तेजोमेघावर दुर्बीण रोखली. तेथे रंगांचा अखंड पट्टा नव्हता. केवळ मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. तो तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचा पुंजका नसून विरळ, प्रकाशमान वायू आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

महाराष्ट्रातही या विद्येची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे वेधशाळा उभारली. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा असावी, असे लॉकियर या नामवंत इंग्रज शास्त्रज्ञाचे मत होते. हगिन्स यांस ते मान्य नव्हते. नायगमवाला यांनी पुण्याहून वेध घेतले आणि ती रेषा रेखीव आहे, पट्ट्याप्रमाणे एका बाजूस पसरलेली नाही, असे १८९१ साली प्रसिद्ध केले. लॉकियर यांचे नाव मोठे होते. पण रेषा जशी दिसली, तशीच नोंदविली गेली. पुढे १९२७ साली बोएन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले, की ती रेषा अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची आहे. १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून नायगमवाला यांनी खग्रास सूर्यग्रहणाचेही वेध घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आज अशा वेधांसाठी राजाश्रयाची आवश्यकता उरलेली नाही. कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या घराच्या परसात सिमेंटचा भक्कम खांब आणि त्यावर चाकांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर एवढ्यावर वेधशाळा उभी राहू शकते. कॅमेऱ्यापुढे काचेची एक चकती बसवितात. तिच्यावर एका मिलिमीटरात शंभर बारीक रेघा आखलेल्या असतात. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा प्रकाश या रेघांमुळे लोलकाप्रमाणेच पसरतो आणि छायाचित्रात ताऱ्याच्या बाजूस त्याचा वर्णपट उमटतो. प्रथम अभिजितासारख्या परिचित ताऱ्याचा वर्णपट घ्यावयाचा. त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा स्पष्ट दिसतात. त्यांतील एक ६५६.३ व दुसरी ४८६.१ नॅनोमीटरवर असते. त्यांवरून मापनाची पट्टी ठरविली, की अन्य ताऱ्यांच्या रेषा मोजता येतात. काक्षीच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद काळे पट्टे दिसतात. असे संयुग फार उष्ण ताऱ्यात टिकूच शकत नाही. काक्षी तांबूस का, याचे उत्तर येथे मिळते: तो राजन्याहून पुष्कळ थंड आहे.

या प्रदेशात निरीक्षकास दोन अडचणी येतात. एक पावसाची, चार महिने दुर्बीण झाकून ठेवावी लागते आणि बुरशीपासून भिंगे जपावी लागतात. दुसरी दिव्यांची. खोपोली येथे १९१५ साली व भिवपुरी येथे १९२२ साली, घाटावरून आणलेल्या पाण्याच्या बळावर वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. त्याच मुंबईच्या दिव्यांचा उजेड आता पश्चिमेच्या क्षितिजावरून या तालुक्यांच्या आकाशात चढत आहे. त्या उजेडात मंद तारे व तेजोमेघ बुडून जातात. ठळक ताऱ्याच्या वर्णपटास मात्र त्याची बाधा कमी होते. कारण वर्णपटाच्या दोन्ही बाजूंच्या आकाशाचा उजेड मोजून तो वजा करता येतो. म्हणूनच चांदण्या रात्रीही हे काम थांबत नाही.

अधिक सूक्ष्म उपकरण असेल, तर पृथ्वीचे भ्रमणही परसातून मोजता येते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदास सुमारे तीस किलोमीटर वेगाने फिरते. ऑक्टोबरच्या आरंभी पहाटे ती रोहिणीच्या ताऱ्याकडे जात असते. फेब्रुवारीच्या अखेरीस संध्याकाळी ती त्याच्यापासून दूर जात असते. जवळ जाताना रेषा जांभळ्या बाजूस व दूर जाताना तांबड्या बाजूस सरकतात. या दोन वेळी घेतलेल्या वर्णपटांत हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या जागेत सुमारे ०.१२ नॅनोमीटरचे अंतर पडते. पृथ्वी फिरते, हे पुस्तकातील वाक्य मग केवळ पाठ करावयाचे राहत नाही.

हौशी निरीक्षकाचे श्रम त्याच्या वहीतच राहतात असेही नाही. शर्मिष्ठेच्या मधल्या ताऱ्याभोवती वायूची चकती आहे आणि तिच्यामुळे त्याच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा तेजस्वी दिसतात. त्या कधी प्रबळ होतात, कधी क्षीण. असे बदल टिपण्यासाठी वर्षानुवर्षे वेध घ्यावे लागतात. मोठ्या दुर्बिणींस एका ताऱ्यासाठी एवढा वेळ देता येत नाही. त्यामुळे पॅरिसच्या वेधशाळेने अशा ताऱ्यांच्या वर्णपटांचा जो संग्रह केला आहे, त्यात अनेक देशांतील हौशी निरीक्षकांचे वेध स्वीकारले जातात. मात्र तेथे निरीक्षकाच्या नावापेक्षा त्याच्या मापनाची परीक्षा होते. तारीख, वेळ व उपकरण यांची नोंद चोख असेल, तर कर्जतच्या परसातील वेधही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडू शकतो.