डोक्यावरचा पट्टा मन वाचत नाही

महाराष्ट्रात मेंदूच्या लहरींची ओळख बहुतेकांना दवाखान्यात नाही, पोलीस तपासाच्या बातम्यांत झाली. 2008 साली पुण्यातल्या एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत नोंदी न्यायालयाने ग्राह्य धरल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही भुवया उंचावल्या. पुढे 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी कुणाच्याही इच्छेविरुद्ध करता येणार नाही. पण यंत्र डोक्याला लावलं की मनातलं बाहेर येतं, ही समजूत तशीच राहिली. आता तशाच तत्त्वावर चालणारा हेडसेट ऑनलाइन मागवता येतो. खोकं उघडायच्या आतच घरातलं कुणीतरी म्हणतं, "मला नको रे लावू, सगळं कळेल."

काहीही कळणार नाही. म्यूज, इमोटिव्ह, न्यूरोस्काय या कंपन्यांचे घरगुती हेडसेट करतात ते ईईजीच, म्हणजे टाळूच्या आणि कपाळाच्या त्वचेवर पोचणाऱ्या विजेची नोंद. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाची अशी पहिली नोंद घेतली. ही वीज किती? दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट. पन्नास धरले, तर पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा तीस हजारावा भाग. तीही एखाद्या विचाराची नव्हे. लाखो चेतापेशी एका लयीत चालल्या, की त्यांची बेरीज कवटीतून पसरट होऊन वर येते. तिच्यावरून झोप, जाग, मिटलेले डोळे यांचा अंदाज येतो. बँकेचा पिन किंवा सासूबद्दलचं मत येत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: पट्टा चढवला, ब्लूटूथ जोडलं, काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं. वीज टिपणारा इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यात चांगला संपर्क नसेल, तर पडद्यावरची रेघ मेंदूची नसतेच. आपल्याकडे पहिला अडथळा खोबरेल तेल. तेलातून वीज वाहत नाही, त्यामुळे केसांतून टेकणाऱ्या हेडसेटसाठी आदल्या रात्री चंपी करून चालत नाही. कपाळावर टेकणाऱ्या पट्ट्यासाठी पावडर, क्रीम, कुंकू, भस्म पुसून टाकावं. म्यूजचा संदर्भ इलेक्ट्रोड कपाळाच्या मधोमध येतो, तेव्हा टिकली थोडा वेळ आरशावर लावून ठेवलेली बरी. कोरड्या इलेक्ट्रोडखाली त्वचा किंचित ओलसर असली तर नोंद सुधारते. इमोटिव्हच्या एपॉक हेडसेटला 14 जागी स्पंजासारखे पॅड असतात, ते मिठाच्या द्रावणात भिजवावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण चालतं. पॅड वाळले, की नोंदही बिघडते. केस दाट असतील तर इलेक्ट्रोडच्या टोकाने बटा बाजूला सारत थेट त्वचेपर्यंत पोचायचं. याला वेळ लागतो आणि चिडचिड होते, विशेषतः अंबाडा असेल तर.

मग घरातली वीज. आपला पुरवठा 50 हर्ट्झचा, अमेरिकेतला 60 चा. सॉफ्टवेअरमधला फिल्टर 60 वर असेल तर तो 50 करायचा, नाहीतर पडद्यावर घरातल्या वायरिंगची गुणगुण उमटते. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, एक्स्टेंशन बोर्डापासून लांब बसावं. हेडसेट स्वतः चार्जिंगला लावलेला असताना डोक्यावर ठेवू नये.

आता खात्री करायची. पापणी मिटा-उघडा: कपाळाजवळच्या रेघेत मोठी उसळी दिसेल. ती मेंदूची नव्हे, डोळ्याची. दात आवळा: रेघ खरवडल्यासारखी दाट होईल. ते जबड्याचे स्नायू, आणि त्यांची वीज मेंदूच्या नोंदीला सहज झाकून टाकते. मग निवांत बसून थोडा वेळ डोळे मिटा. डोक्याच्या मागच्या बाजूच्या किंवा कानामागच्या इलेक्ट्रोडवर सेकंदाला 8 ते 13 वेळा उठणारी एक संथ लाट वाढताना दिसली आणि डोळे उघडताच ओसरली, तर ती अल्फा लहर. बर्गरने हेच पाहिलं होतं. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात प्रामाणिक आनंद इथेच आहे. काहींच्या डोक्यात अल्फा मुळातच क्षीण असते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

याच्यापुढे ॲप आकडे देऊ लागतं. "एकाग्रता 82." हा आकडा तापमापीसारखा मोजलेला असतो असं वाटतं, पण तसा नाही. न्यूरोस्कायचे शून्य ते शंभरमधले गुण ज्या सूत्राने काढतात, ते कंपनीचं स्वतःचं, खासगी. म्यूजच्या ॲपमध्ये मन शांत झालं की पक्षी किलबिलतात. छान वाटतं, पण किलबिल झाली म्हणजे समाधी लागली असं नाही. कपाळाला आठ्या पडल्या तरी असे आकडे हलू शकतात.

शॉक बसेल का? नाही. ईईजी फक्त ऐकतं, डोक्यात वीज सोडत नाही. मेंदूला सौम्य प्रवाह देणारी टीडीसीएसची यंत्रं वेगळी, त्यांना या यादीत धरू नये आणि घरी त्यांच्याशी खेळूही नये.

"मनात आणलं की टाइप होईल" ही अपेक्षा बहुधा न्यूरालिंक या कंपनीच्या बातम्यांतून येते. 2024 च्या जानेवारीत त्यांनी पहिल्या माणसाला बसवलेल्या उपकरणात 1024 इलेक्ट्रोड आहेत, पण ते शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत घातलेले. कवटीबाहेरून अक्षरं निवडण्याची पद्धत फारवेल आणि डोंचिन यांनी 1988 मध्ये दाखवली, तेव्हा वेग होता मिनिटाला दोन-अडीच अक्षरं. आज तो वाढलाय, तरी अंगठ्याने मोबाइलवर टाइप करणारी शाळकरी पोर सहज पुढे जाईल. ज्याला हातच हलवता येत नाहीत, त्याच्यासाठी मात्र ती अडीच अक्षरंही मोलाची.

विचार चोरीला जात नाहीत म्हणून काहीच जात नाही, असं मात्र समजू नका. नोंदी बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरवर साठतात. चिलीने 2021 मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत लिहिलं, आणि 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्हला एका माजी सिनेटरच्या नोंदी पुसायला लावल्या. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात मेंदूच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. म्हणून खातं उघडताना "संशोधनासाठी वापरू द्या" अशी खूण असेल तर ती वाचून मगच ठेवा, आणि नोंदी पुसण्याची सोय कुठे आहे ते आधीच पाहून घ्या.

फिट येणाऱ्या माणसाची औषधं या पट्ट्यावरच्या रेघा पाहून कमी-जास्त करू नका. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि रुग्णालयातला ईईजीच हवा. मुलाचा मेंदू तल्लख करून देतो म्हणणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या वर्गांवर पैसे घालवून झालेल्या पालकांना पुढचा मोह मुलाच्या डोक्याला पट्टा बांधून अभ्यास मोजण्याचा होईल. चीनमधल्या जिनहुआच्या एका प्राथमिक शाळेने 2019 मध्ये हा प्रयोग करून पाहिला, आणि लोकांनी ओरड केल्यावर थांबवला. विज्ञानाची गंमत म्हणून मुलाला त्याची अल्फा लहर जरूर दाखवा, पण त्याच्या एकाग्रतेचे गुण मोजायला हा हेडसेट घेऊ नका.