जांघेतली गाठ



गेल्या पावसाळ्यात अक्राणीच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून साठीच्या एका मावशींना दवाखान्यात न्यावे लागले. मला त्या "कंबर दुखते" एवढेच सांगत होत्या. माझ्या पत्नीला त्यांनी आत नेऊन दाखवले तेव्हा कळले, उजव्या जांघेत लिंबाएवढी लालसर गाठ होती. चार दिवस झाले होते. त्याआधी पायात काटा रुतला होता, म्हणून घरच्यांनी अवधाण समजून शेक दिला. मलाही तेच वाटले. पहिल्या दवाखान्यात बेंड म्हणून गोळ्या मिळाल्या आणि आणखी दोन दिवस गेले.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी नीट पाहिले. गाठ जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला होती आणि दाबून आत जात नव्हती. त्यांना फीमोरल हर्नियाचा, म्हणजे एक प्रकारच्या अंतर्गळाचा संशय आला. सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या आत अपेंडिक्स दिसले!

मी ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस, पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी एक अरुंद वाट असते. तिथून पोटातला भाग खाली सरकला की हा हर्निया होतो. तो पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो, विशेषतः उतारवयात. वाटेच्या कडा ताठ असल्यामुळे अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा लवकर तुटतो. बहुधा आत चरबी किंवा आतडे असते. अपेंडिक्स क्वचितच सापडते. पॅरिसचे शल्यचिकित्सक द गारांजो यांनी 1731 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून या हर्नियाला त्यांचेच नाव आहे.

फसगत कुठे होते ते ऐका. आतडे अडकले तर पोट फुगते, उलट्या होतात, शौच बंद होते आणि घरचे घाबरून धावतात. अपेंडिक्स मात्र एका टोकाला बंद असलेली, बोटासारखी नळी. ती अडकली तरी अन्नाची वाट मोकळीच राहते. मावशी भाकरी खात होत्या, शौचालाही होत होते. म्हणून आम्ही सगळे म्हणत राहिलो, "पोटाचं काही नाही." ते चुकले.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्सचे टोक काळे पडले होते, भोवती पू होता. ते काढून टाकले आणि वाट टाक्यांनी शिवली. एरवी हर्नियाला जाळी बसवतात, पण पू असताना जाळीलाच जंतुसंसर्ग होण्याची भीती असते, म्हणून इथे ती टाळली. उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटून विष मांडीत आणि पोटात पसरले असते. सहाव्या दिवशी मावशी घरी आल्या.

जांघेतली दुखरी गाठ आत जात नसेल, तर ती अवधाण आहे की हर्निया, हे घरी ठरवू नका. शेक देऊ नका, चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आता पाड्यांवर आमच्या बायका-कार्यकर्त्याच बायकांना हे विचारतात. ते आधीच सुरू करायला हवे होते.

परवा मावशींनीच आपल्या जावेला पुढे ढकलले, "हिलाही दाखवायचंय." तिचे मात्र अवधाणच निघाले.