पाच आणि पाचवी

चूक माझी होती आणि बोलणी खाल्ली माझ्या धाकट्या भावाने. त्याची भरपाई म्हणून हा लेख.

प्रदर्शनासाठी मी दीपमाळेची छोटी प्रतिकृती करीत होते. चौथऱ्याच्या तळाला खुंटी बसविण्यापुरती खाच हवी होती. आराखडा केला होता फ्रीकॅड या विनामूल्य संगणक-प्रणालीत. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या भावाने पडद्यावर तळाच्या बाजूवर टिचकी मारली. ‘फेस ५’ असे नाव उमटले. “ताई, पाचवी बाजू,” एवढे सांगून तो गेला. मी पायथन भाषेतल्या आज्ञावलीत बाजूंच्या यादीपुढे चौकटी कंसात ५ हा आकडा घातला. संगणकाने काही तक्रार केली नाही. उशीर झाल्यामुळे मीही पुन्हा निरखून पाहिले नाही. रात्रभर छपाईयंत्राने चौथरा घडविला आणि सकाळी पाहते तो खाच वरच्या अंगाला! मी भावावर तोंडसुख घेतले. तो इतकेच म्हणाला, “मी पाचवी म्हणालो होतो, पाच नव्हे.”

वाचकहो, साऱ्या घोटाळ्याचे मूळ या एका वाक्यात आहे. ठोकळ्याला सहा बाजू. पडद्यावर त्यांची नावे १ ते ६ अशी असतात. पाचवी तळाची, सहावी माथ्याची. पायथनमधील यादी मात्र ० पासून सुरू होऊन ५ वर संपते. म्हणून यादीतली ‘५’ म्हणजे पडद्यावरची सहावी बाजू.

हे विचित्र वाटेल. पण आपण वय असेच मोजतो. मुलाला पाचवे वर्ष लागले म्हणजे चारच पूर्ण झालेली असतात. पडदा ‘कितवे लागले’ ते सांगतो, यादी ‘किती मागे पडली’ ते विचारते. पहिल्या बाजूच्या मागे एकही नाही, म्हणून तिचा आकडा शून्य. मोजणी शून्यापासूनच का करावी, याचे समर्थन करणारे टिपण डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये लिहिले होते.

गंमत अशी की, मी चुकून ६ लिहिले असते तर वाचले असते! त्या आकड्याची बाजू यादीत नसल्याने संगणक तेथेच अडला असता. ५ मात्र यादीत होती, फक्त दुसरीच. ओरडणारी चूक परवडली. निमूटपणे पुढे जाणारी घात करते.

उपाय दोन. यादीत आकडा घालताना पडद्यावरच्या आकड्यातून एक वजा करावा; किंवा त्याहून बरे म्हणजे आकड्याऐवजी ‘गेटएलिमेंट’ या आज्ञेला पडद्यावरचे नावच द्यावे, म्हणजे वजाबाकीच उरत नाही. तरीही एक सावधगिरी हवी. आराखड्यात नवी खाच वा भोक पाडले की बाजूंचे क्रमांक बदलू शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे, पण पुरता संपलेला नाही. तेव्हा बदल केल्यावर बाजूवर पुन्हा टिचकी मारून नाव पाहून घ्यावे.

दुसरा चौथरा प्रदर्शनाच्या सकाळी कसाबसा तयार झाला. या वेळी आकडा भावाने घातला, आणि चौथरा पडद्यावर उलटा करून खाच मी स्वतः पाहिली. त्याची क्षमा तेव्हाच मागायची होती. गडबडीत राहून गेली. ती येथे मागते.