अंगठीवरचा सिंह कुणाचा?

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. दागिन्यांच्या टेबलांवर मुद्रेच्या अंगठ्या ओळीने मांडलेल्या असतात. एकीवर सिंह, दुसरीवर गरुडाचं मुंडकं, तिसरीवर कट्यार धरलेली मूठ. इंग्रज घराण्यांच्या या खुणा कशा वाचतात, त्यांचं मोल कसं ठरतं, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं.

एका विक्रेत्या बाईंनी माझ्यासाठी अंगठी उचलली, पण सिंहाकडे पाहिलंच नाही. डोळ्याला भिंग लावून त्या कड्याची आतली बाजू फिरवत राहिल्या. जहाजाचा नांगर, १५ चा आकडा, शेजारी .६२५, मग एक अक्षर. नांगर ही बर्मिंगहॅमच्या कस तपासणाऱ्या कार्यालयाची खूण. पंधरा कॅरटचा कस ब्रिटनमध्ये १८५४ साली मान्य झाला आणि १९३२ मध्ये बंद झाला, म्हणजे अंगठी त्या दरम्यानची. अक्षरावरून नेमकं सालही निघतं; लंडनमध्ये ही सालाच्या अक्षराची पद्धत १४७८ पासूनची आहे.

मग त्यांनी लाख तापवली आणि अंगठी तीत दाबली. मुद्रा उलटी कोरलेली असते, ठसा घेतल्यावरच ती सुलट होते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते ढालीच्या अंगठ्यांचं. ज्या अंगठीवर नुसता सिंह नसून घराण्याची अख्खी ढाल कोरलेली असते, तिच्यात रंगही असतात. सोन्यात रंग कुठून आणणार? तर रेघांनी. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. सतराव्या शतकात सिल्व्हेस्त्रो पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइटाच्या ग्रंथांमुळे ही पद्धत युरोपभर रुजली. तिरक्या रेघा एका दिशेने गेल्या तर हिरवा, उलट दिशेने गेल्या तर जांभळा. म्हणजे ठसा न घेता अंगठीच वाचली, तर हिरवी ढाल जांभळी होते! जेमतेम नखाएवढ्या जागेत कुण्या कारागिराने हे सगळं उलटं कोरलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण याच रेघा सगळ्यात आधी झिजतात. पन्नास-साठ वर्षं बोटात राहिलेल्या अंगठीवरच्या उभ्या रेघा पुसल्या की तांबडी ढाल रुपेरी दिसू लागते आणि शोध भलत्याच घराण्याच्या दारात जातो.

नुसत्या सिंहाचा शोध तर त्याहून अवघड. फेअरबेर्नचा १८५९ चा अशा चिन्हांचा कोश उघडला, तर एकाच ठेवणीचा सिंह कित्येक आडनावांपुढे सापडतो. शिवाय इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं. त्यामुळे ‘स्मिथ घराण्याची अंगठी’ असं लिहिलेली चिठ्ठी जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. तरीही अशा चिठ्ठ्यांच्या जोरावर दुप्पट भाव सांगितला जातो आणि घेणारे देतातही. याची मला चीड आली.

खरा भाव चढतो तो पुराव्याने. ढालीच्या अर्ध्यात नवऱ्याचं आणि अर्ध्यात बायकोच्या माहेरचं चिन्ह असेल, तर दोन घराणी जुळवून नेमकं जोडपं सापडू शकतं. पॅपवर्थचा १८७४ चा कोश त्यासाठीच आहे. त्यात चिन्हावरून नाव शोधता येतं. नाव पक्कं झालं, खोदकाम स्वच्छ असलं, कडं कापून लहान-मोठं केलेलं नसलं, तर अंगठी सोन्याच्या वजनापलीकडे जाते. बोटाच्या मापासाठी कडं कापताना अनेकदा आतला कसाचा शिक्काच तुटतो, आणि मग साल गेलं, गावही गेलं.

एरवी तिला मोडीचाच भाव. सोनं महागलं की दुकानदाराला नावाच्या शोधात महिने घालवणं परवडत नाही. सिंह झिजलेला, शिक्का अर्धा, तर अंगठी सरळ मुशीत जाते. त्या बाईंनीही अशा अंगठ्या वितळवायला दिल्या आहेत, त्यांनी ते लपवलं नाही. आपल्याकडेही ही भीती आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात आपल्या संस्थानिकांना युरोपीय धर्तीची चिन्हं असलेले ध्वज दिले गेले. तसल्या चिन्हाची एखादी अंगठी पेठेतल्या सराफाकडे आली, तर तो आधी काटाच काढेल.

म्हणून अशी अंगठी हाती आली तर पॉलिश करू नका. उरल्यासुरल्या रेघा त्यातच जातात. आधी लाखेवर ठसा घ्या, शिक्क्यांचा आणि ठशाचा फोटो काढा. १४८४ साली स्थापन झालेलं लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स आजही पत्राने आलेल्या चौकशा घेतं. दप्तरातल्या शोधाचे पैसे पडतात, आणि ते कधीकधी अंगठीच्या सोन्याहून जास्त होतात.