'राऊ' आली का हो?

पुस्तकाबद्दलचं खरं मत परिसंवादात कळत नाही, परतीच्या काउंटरवर कळतं. मुलुंड पूर्वेच्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं काउंटर सांभाळलाय, म्हणून सांगते. पुस्तक टेबलावर ठेवण्याच्या पद्धतीवरूनच निम्मं मत समजतं. कुणी हळूच सरकवतं, कुणी पिशवीतून काढताना कव्हर पुसतं, कुणी आपटतं. ना. सं. इनामदारांची 'राऊ' जितक्यांदा आपटली गेली, तितकी आमच्याकडची दुसरी कुठलीच कादंबरी आपटली गेली नसेल. आणि आपटणारेच महिन्याभराने येऊन विचारणार, "'राऊ' आली का हो? आमच्या वन्संना वाचायचीय."

कादंबरी १९७२ ची, पेशवा बाजीराव आणि मस्तानीची; राऊ म्हणजे बाजीरावच. जुन्या काळची प्रेमकथा म्हटली की जिंकून आलेला वीर आणि त्याच्या हाती लागलेली सुंदरी, हे वाचकाच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. 'राऊ' नेणारे तेच धरून नेतात आणि तिथंच अडकतात. कारण मस्तानीला कुणी पकडून आणलेलं नव्हतं. मोगलांच्या मोहम्मद खान बंगशाने जैतपूरला बुंदेलखंडाच्या म्हाताऱ्या छत्रसाल राजाला कोंडीत धरलं, १७२९ मध्ये बाजीराव धावून गेला, बंगशाला माघार घ्यावी लागली. त्या उपकारापोटी छत्रसालाने राज्याचा हिस्सा देऊ केला आणि मस्तानी पेशव्यांकडे आली. मुसलमान स्त्रीपासून झालेली ही छत्रसालाचीच मुलगी, असं बरेच जण मानतात; काही जण तिला नाटकशाळा म्हणून मोकळे होतात. बाजीरावाच्या घरी ती कैदी नव्हती. कैदी झाली ती दहा वर्षांनी, पुण्यात, आणि कैद करणारा तो नव्हताच. त्याच्या घरच्यांनीच तिच्यावर पहारा बसवला, तो मोहिमेवर असताना.

एवढी उलटापालट असल्यावर मतं सरळ कशी येणार?

आमच्याकडे तिच्या तीन प्रती होत्या. खाकी कव्हर, कण्यावर शाईने घातलेला क्रमांक, मागे तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी, तिच्यावर चिकटवलेली दुसरी, तिच्यावर तिसरी. यातली मधली प्रत मी कधीच रद्दीत जाऊ दिली नाही. तिच्या समासात पेन्सिलीने एक संभाषण चाललं होतं. एका पानावर बाजीरावाच्या बायकोबद्दल बारीक, शाळामास्तरी अक्षरात लिहिलेलं: 'काशीबाईंचं काय?' त्याखाली वेगळ्या हाताने: 'तिला कोण विचारतो. आमच्याकडेही हेच.' मी रीतसर लाल पेनने सूचना लिहिली, 'ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.' पुढच्या खेपेला पुस्तक परत आलं, तेव्हा माझ्या सूचनेखाली त्याच दुसऱ्या अक्षरात दोन शब्द होते: 'मग कुठे?'

मला ते अक्षर ओळखू येत होतं. सभासद-अर्जावर पाहिलेलं होतं. दंड लावायचा नियम होता, मी लावला नाही.

काउंटरवर बायकांचे सरळ दोन पक्ष होते. पन्नाशीपुढच्या बहुतेक काशीबाईच्या. त्यांचा मुद्दा प्रेमाचा नसे, घराचा असे. सोवळं कुणी सांभाळायचं, सासूचं कुणी करायचं, पायाच्या दुखण्याने बेजार असताना घरातली मुंज आणि लग्न कुणी काढायचं? १७४० च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्यात मुलाची, रघुनाथरावांची मुंज नि पुतण्याचं, सदाशिवरावांचं लग्न होतं. मस्तानी अटकेत, राऊ मनाने आणि शरीराने दूर, आणि ही बाई पंगती बघतेय. एक काकू म्हणाल्या, "अहो, बायको नाही ती. कार्यालयाची मॅनेजर!" तरुण मुली मस्तानीच्या बाजूच्या, पण त्यांचाही रोख बाजीरावावर. "एवढा चाळीस लढायांचा वीर, आईसमोर तोंड उघडत नाही म्हणजे काय?" हा प्रश्न मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय की विचारणारीच्या घरी काय चाललंय, याचा अंदाज मला यायला लागला होता. घाटकोपरची एक गुजराती मुलगी मराठी घरात लग्न होऊन मुलुंडला आली होती. मराठी सुधारावं म्हणून सासूनेच तिला 'राऊ' नेऊन दिली. वाचून झाल्यावर ती एकटी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मींनी हेच पुस्तक का निवडलं असेल?" मी तिला शांता शेळके दिल्या.

पुरुष वाचक वेगळे. त्यांना मस्तानीत रस नाही असं नाही, पण बोलणार ते पालखेडवर. १७२८ ची पालखेडची हालचाल, घोडदळाचा वेग, निजामाची कोंडी. प्रेमप्रकरणापर्यंत आले की घड्याळ बघायचे. याला अपवाद एकच, बोरिवलीचे एक निवृत्त बँकवाले. गुरुवारी लेकीकडे मुलुंडला यायचे, तिच्या नावावर पुस्तक न्यायचे. त्यांनी एक दिवस मला जे दाखवलं, ते मी कुठल्याही प्रस्तावनेत वाचलेलं नाही.

त्यांनी विचारलं, "ताई, आपण बसलोय ती जमीन कुणाची?" मी म्हटलं, "वाचनालयाची. भाडेकरारावर." ते हसले. म्हणाले, साष्टी. मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतचं हे सगळं साष्टी बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतलं, ते बाजीरावाच्या पेशवाईत. १७३७ मध्ये ठाणं पडलं, १७३९ मध्ये वेसाव्याचा किल्ला आणि मग मे महिन्यात वसई. मोहीम त्याच्या धाकट्या भावाची, चिमाजीअप्पांची. आणि वसई म्हटली की त्या पट्ट्यातल्या प्रत्येक मराठी पोराला एक गोष्ट माहीत असते: पोर्तुगीज अधिकाऱ्याची सुंदर स्त्री अप्पांपुढे आणली गेली आणि अप्पांनी तिला सन्मानाने परत पाठवलं. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची जी गोष्ट शिवाजीमहाराजांबद्दल सांगतात, तिचीच ही धाकटी बहीण. समकालीन कागद दोन्हींच्या पाठीशी भक्कम उभे नाहीत, पण म्हणून त्या गोष्टी सांगायच्या कुणी थांबलेलं नाही. जिंकणाऱ्याने हाती आलेल्या स्त्रीला हात न लावणं हीच मराठी माणसाची आवडती विजयकथा आहे. प्रेमकथा नव्हे.

"आता तारखा बघा," ते म्हणाले. परतीच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी लिहिलं होतं: मे १७३९, वसई. त्याच्या खाली: १७३९ अखेर, पुणे. "मे महिन्यात शत्रूची बाई मानाने परत. आणि वर्ष संपायच्या आत भावाची बाई पहाऱ्यात. तेच अप्पा!"

मी म्हटलं, एकटे अप्पा कुठे? बाजीरावाचा मुलगा नानासाहेब होते, मातुःश्री होत्या, पुण्याचा ब्रह्मवृंद होता. ते म्हणाले, "म्हणूनच तर. शत्रूच्या बाईला परत पाठवायला कुणाला विचारावं लागत नाही."

त्यांचं ते वाक्य मी पुढे कितीतरी जणांना ऐकवलं. काशीबाईच्या पक्षातल्या काकूंनाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मग अप्पांना का दोष? त्यांना मोहिमेवरून आल्यावर घर सावरायचं होतं." म्हणजे खटला परत घरात. माझं स्वतःचं मत विचाराल, तर अप्पांना मी सोडून देईन. राऊ आजारी पडल्यावर त्यांचं मन द्रवलं होतं म्हणतात. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही गेले. नानासाहेबांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आईला त्यांच्याकडे धाडलं, मस्तानी पुण्यातच राहिली.

एकदा बाइंडरने घोळ घातला. 'राऊ'ची तिसरी प्रत खिळखिळी झाली म्हणून इतर पुस्तकांच्या गठ्ठ्यात शिवायला दिली. परत आली तेव्हा कापडी कणा, नवा पुठ्ठा, एकदम देखणी. शेवटचा फर्मा मात्र आत घालायचा राहिला होता. आम्हाला कळायला कित्येक महिने लागले, कारण तक्रार कुणीच केली नाही! उलट निर्मलनगरच्या एक आजी पुस्तक देताना म्हणाल्या, "शेवट फार छान केलाय. मारलं नाही कुणालाच." मी पान उलटून पाहिलं आणि हबकले. फर्मा बाइंडरच्या दुकानात मिळेना. प्रत बाद करायची म्हणून बाजूला काढली, तर आजींनी मैत्रिणींना सांगितलेलं असणार. दोघीतिघी येऊन 'ती वाली राऊ' मागून गेल्या. समितीपुढे हा विषय मी कधी काढला नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी तीच प्रत नेली होती, हे माझ्या वहीत आहे.

मग २०१५ उजाडलं. भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' सिनेमा १८ डिसेंबरला लागला, पण आमच्याकडे रांग त्याच्या आधी महिनाभर लागली होती, त्यातल्या 'पिंगा' गाण्यामुळे. गाणं आलं त्या आठवड्यात काउंटरवर दुसरा विषय नव्हता. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात? पायाने अधू असलेली पेशवीण? ज्या काकू काशीबाईला मॅनेजर म्हणाल्या होत्या, त्या सर्वांत जास्त चिडल्या. "आयुष्यभर तिला कुणी विचारलं नाही, आणि आता विचारलं तर नाचायला!" वाट पाहणाऱ्यांची वही मी त्या महिन्यात पहिल्यांदाच नवी आणली. ज्यांनी स्मिता तळवलकरांची 'राऊ' मालिका पाहिली होती, ते अश्विनी भावे आणि मनोज जोशींची आठवण काढून सुस्कारे टाकत होते.

त्या गर्दीत एक मुलगा यायचा, ज्युनिअर आर्टिस्टचं काम करणारा. गोरेगावच्या फिल्मसिटीत उभारलेल्या शनिवारवाड्यात मावळा म्हणून उभा राहिला होता. पडद्यावर तो दिसतो म्हणे, पण पाठीकडून. सेटवर निम्मा दिवस वाट पाहण्यात जातो म्हणून 'राऊ' बरोबर नेलेली. पानांमध्ये दाढी चिकटवायच्या गोंदाचे डाग घेऊन परत आली. त्याचं मत सगळ्यांत वेगळं होतं. तो म्हणाला, "मॅडम, सिनेमात मस्तानी साखळदंडात छान दिसते. पुस्तकात पहारा आहे, साखळदंड नाही. पण पब्लिकला कैद दिसायला साखळीच लागते." आणि मग स्टुडिओतल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं सांगू लागला: अंधेरीच्या मोहन स्टुडिओत के. आसिफनी 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभा केला, तिथल्या तुरुंगाच्या प्रसंगात मधुबालाच्या अंगावर खऱ्या लोखंडाच्या साखळ्या होत्या, वजनाने ती वाकायची. तो सिनेमा १९६० चा, हा २०१५ चा. दोन्हींत आरसेमहाल, दोन्हींत बेड्या. उपनगरात आरसे आणि साखळ्या भाड्याने देणाऱ्यांचा धंदा मध्ययुगावरच चालतो, असं तो म्हणाला ते मी लिहून ठेवलंय.

सिनेमानंतर मतं बदलली का? थोडी. प्रश्न बदलले. आधी विचारायचे, "खरंच लग्न झालं होतं का?" नंतर विचारायला लागले, "मुलाचं पुढे काय झालं?" मस्तानीचा मुलगा शमशेरबहादर पेशव्यांच्याच घरात वाढला, १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन गेला. हे सांगितलं की काशीबाईच्या पक्षाला बळ यायचं: बघा, सवतीचं पोर तिच्याच घरात वाढलं! आणि मस्तानीचा पक्ष म्हणायचा, आई मेल्यावर सगळ्यांनाच पाझर फुटतो.

हे भांडण शेवटी रस्त्यावर आलं, तेही अक्षरशः. काउंटरवरच्या आठ-दहा जणींनी गाडी ठरवली. मस्तानीची कबर पाबळला, काशीबाईंचं माहेर चासला. तिथं त्यांनी बांधलेलं सोमेश्वराचं देऊळ आहे. राजगुरुनगर मधे धरलं तर एक एका अंगाला, दुसरं दुसऱ्या अंगाला, एका दिवसात दोन्ही होतात. पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावरून निघालो. आधी कुठे जायचं यावर तळेगावपर्यंत वाद. "मोठीचा मान पहिला." "मग जन्मभर तेच तर झालं!" "पाबळला ऊन तापायच्या आत जाऊ." चाकण आलं तरी ठरेना. ड्रायव्हरने चास आधी घेतलं. म्हणाला, तिकडून परतताना राजगुरुनगरला जेवायची वेळ बरोबर साधते, पाबळच्या रस्त्याला आपल्याला धड काही मिळणार नाही.