बालकांचा छळ : काही समजुती आणि वस्तुस्थिती

मुलाला इजा करणारा मनुष्य बाहेरून कोठून तरी येतो, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नये एवढे शिकवले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळ सुज्ञ गृहस्थही मानतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, किंबहुना विश्वासाच्या व जबाबदारीच्या स्थानावरचे होते. हा प्रश्न केवळ मुलींचा आहे, ही समजूतही त्याच पाहणीने निराधार ठरवली, कारण असे सांगणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित अधिकच भरली. ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला २०१२ चा कायदा म्हणूनच अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही.

छळ झाला असेल तर तो अंगावर दिसेलच, ही दुसरी समजूत अधिक घातक होय. खेळकर मुलाच्या गुडघ्यांवर, नडग्यांवर, कपाळावर खुणा असणे स्वाभाविक आहे. परंतु जे अर्भक अद्याप रांगूही लागलेले नाही त्याच्या अंगावरील काळानिळा डाग, अथवा कोणत्याही लहान मुलाच्या कानावर, मानेवर वा पोटापाठीवर उमटलेले वळ, आणि दर खेपेस बदलणारी त्यांची हकीकत, यांकडे वैद्यकशास्त्र गंभीरपणे पाहते. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाणीला बळी पडलेल्या बालकांच्या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध करीपर्यंत आईबापच असे करू शकतील हे मानायला बहुसंख्य डॉक्टरांचे मन धजत नव्हते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर बहुसंख्य मुलांची शारीरिक तपासणी सर्वस्वी निर्दोष आढळते, आणि ‘तपासणीत काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा होत नाही. सुटलेली अंथरुणात लघवी करण्याची सवय पुन्हा जडणे, विशिष्ट व्यक्तीच्या घरी जाण्यास निकराने नकार देणे, अभ्यासात अकस्मात मागे पडणे, वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान बोलण्यात येणे, यांपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे काही सिद्ध करीत नाही, तथापि लक्ष देण्यास ती पुरेशी आहे.

दारिद्र्य म्हणजे हेळसांड, असेही समजू नये. ऊसतोडीच्या हंगामात मायबापांमागे फडावर जाणाऱ्या आणि म्हणून शाळेला मुकणाऱ्या मुलाच्या कुटुंबाला हंगामी वसतिगृहाची गरज असते, दूषणाची नव्हे. उलट ऐपत असूनही मुलाचा औषधोपचार टाळणारे घर हेळसांडच करीत असते, मग त्या घराचे फाटक कितीही भव्य असो.

परंतु सर्वांत अधिक नुकसान करणारी समजूत ही की, पुरावा हाती आल्याखेरीज कोठे काही बोलू नये. तपास करणे हे शेजाऱ्याचे, शिक्षकाचे वा डॉक्टरचे काम नव्हेच. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये मुलावर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा घडल्याची ज्याला माहिती आहे, किंवा तो घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गुन्हा घडल्याचे ठाऊक असून न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड, अशी तरतूद आहे. सद्‌हेतूने खबर देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही डॉक्टराने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. त्याच्यावरील फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली, परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि असे मौन हा गंभीर गुन्हा असून बहुतेक वेळा ते अपराध्याला पाठीशी घालण्यासाठीच असते, असे स्पष्टपणे नमूद केले. संस्थेच्या लौकिकाच्या नावाखाली प्रकरणे आपसात मिटवणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने हा निकाल वाचावा.

मुलाने सांगितलेली गोष्ट कल्पित असेल, आणि नंतर त्याने ती मागे घेतली म्हणजे ती कल्पित होतीच, असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. वस्तुतः घरच्यांचा दबाव, लाज, आणि आपल्यामुळे कोणी तुरुंगात जाईल ही भीती यांपायी खरे बोललेले मूलही शब्द फिरवते. म्हणून मूल बोलू लागले की शांतपणे ऐकावे, ‘हे तुझ्या चुकीने झाले नाही’ असे सांगावे, त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे, आणि पुनःपुन्हा उलटतपासणी घेऊ नये. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, आणि आरोपीला जाब विचारायला परस्पर जाऊ नये. रुग्णालयाने तातडीच्या उपचारासाठी पोलिसांचा कागद मागता कामा नये. आणि हे उपचार लवकर सुरू व्हावे लागतात, कारण एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

फौजदारापुढे मुलाला उभे करण्याच्या भीतीने पुष्कळ पालक मागे सरतात. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील वा त्याच्या विश्वासाची व्यक्ती हजर असताना घ्यावी, रात्री त्याला ठाण्यात ठेवू नये, आणि त्याची ओळख प्रसिद्ध करू नये, असे कायदाच सांगतो. हे कागदावरचे हक्क प्रत्यक्षात मिळतातच असे नाही, म्हणून ते आधी माहीत करून घेऊन ठामपणे मागावेत.

मुंबईत १९९६ साली सुरू झालेला १०९८ हा मदत-क्रमांक आज देशभर अहोरात्र व विनाशुल्क उपलब्ध आहे. आपल्या वाड्यातील, शाळेतील वा नात्यातील एखाद्या मुलाविषयी मनात शंका असेल, तर ती परक्याच्या घरचा मामला म्हणून बाजूला न सारता आजच तेथे कळवावी.